पुनव बाईलाच का लागते?

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी इथं भरलेल्या महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या म्हाताऱ्या मायांनो,

या मेळाव्याची तारीख ठरवायला तुमच्यातल्या दोघी माझ्याकडं आल्या होत्या. एकीच्या पिशवीत कॅलेंडर होतं. मी एक दिवस सुचवला. ती म्हणाली, "नको ताई, त्या दिवशी पुनव हाय. आमच्या गल्लीतल्या दोघी-तिघी पुनवेला उंबरा ओलांडत न्हाईत." मी पंधरा दिवस पुढचा दिवस सांगितला. दुसरी म्हणाली, "तव्हा आवस पडती." असं करत करत आजची सप्तमी ठरली. त्या गेल्यावर मी ठरवलं, ज्याच्यामुळं आपल्याला दिवस बदलावा लागला, त्याच्यावरच बोलायचं.

मघाशी चहाच्या वेळी मी तुमच्यात फिरत होते. पुनवेला काय काय होतं, असं विचारत होते. भराभर उत्तरं आली. वेड वाढतं. फेफरं येतं. अंगात येतं. बाहेरचं लागतं. घरात भांडणं होतात. मी विचारलं, हे कुणाकुणाला झालेलं तुम्ही पाहिलंय? तर जाऊ, नणंद, सून, शेजारीण. एका पोराचं नाव आलं, बाकी सगळ्या बायाच. मग मी विचारलं, पुनवेला गावातल्या पुरुषांचं काय होतं? तुम्ही सगळ्या हसलात.

हसण्यासारखंच आहे. पुरुषानं पुनवेच्या रात्री बायकोला मारलं तर आपण म्हणतो, पिऊन आला होता. बाईनं त्याच रात्री भांडं आपटलं तर म्हणतो, आज पुनव हाय ना. रात्र एकच, चंद्र एकच. मग पुनव बाईलाच का लागते? मला आज एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

एका बाईची गोष्ट सांगते. नाव आणि गाव सांगणार नाही. आपल्या जिल्ह्यातलीच आहे. वय तिशीच्या आत, दोन लेकरं. सासरा आणि नवरा तिला आमच्या केंद्रावर घेऊन आले. म्हणाले, दर पुनवेला हिला झटका येतो. दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात, मग शुद्धीवर येताना घाण घाण शिव्या देते. देवरुषानं सांगितलं होतं की नवऱ्याची पहिली बायको वारली, तिचं हे लागिर आहे. दोन कोंबडी आणि एक बकरं झालं होतं. आता देवरुषी म्हणत होता, पुढच्या पुनवेला चाबकानं उतरवावं लागेल. सासरा बिचारा घाबरला होता. तो वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे.

मी लगेच भांडायच्या तयारीत होते. पण आमच्यासोबत एक आरोग्यसेविका काम करायची. ती म्हणाली, भांडण नंतर कर, आधी लिहून काढ. तिनं सासऱ्याला विचारलं, गेल्या वेळी कधी झालं? "पुनवेला." त्याच्या आधी? "पुनवेलाच." तारीख? तारीख कुणालाच सांगता येईना. मग तिनं एक कॅलेंडर आणलं, त्या घराच्या भिंतीला लावलं आणि थोरल्या लेकीच्या हातात तांबडी पेन्सिल दिली. आईला झटका आला की त्या तारखेला फुली मारायची. दुसरं काही करायचं नाही. चाबूक मात्र तोवर थांबवायचा, ही अट सासऱ्यानं कबूल केली.

मधल्या काळात आम्ही तिला जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरकडं नेलं. कारण झटका म्हणजे फेफरंही असू शकतं, आणि फेफरं हा मेंदूचा आजार आहे, त्याला रोजच्या गोळ्या लागतात. तिथं पोकळ समजुती घालून चालत नाही. तपासणी झाली. तिला फेफरं नव्हतं.

सहा महिन्यांनी आम्ही सगळे त्या कॅलेंडरसमोर बसलो. चौदा फुल्या होत्या. आता हिशेब ऐका, शाळेतलाच आहे. पुनव आणि तिचा आगला-मागला दिवस धरला तर तीन दिवस. आवसेचेही तसेच तीन. म्हणजे महिन्यातले सहा दिवस. तीस दिवसांतले सहा, म्हणजे पाचातला एक दिवस आवस-पुनवेचा. चौदा झटके कसेही कुठंही पडले, तरी त्यातले जवळपास तीन आवस-पुनवेला पडणारच. कॅलेंडरवर किती होते? तीन.

पण दुसरी एक गोष्ट त्या पोरीनंच दाखवली. ती म्हणाली, "बाजाराच्या दिवशी लई फुल्या हायत." मोजल्या. चौदातल्या नऊ फुल्या आठवडी बाजाराच्या रात्री होत्या. आवस-पुनवेच्या तिनातल्या दोन वेळाही बाजारच होता.

बाजाराच्या दिवशी नवऱ्याच्या हातात मजुरी पडायची. मग तो पिऊन यायचा. आणि रात्री त्याला बायको हवी असायची, तिची इच्छा असो नसो. हे तिनं आम्हाला पहिल्या बैठकीत सांगितलं नाही, दुसऱ्या बैठकीतही नाही. तिसऱ्यांदा, पुरुष कुणी नसताना, मान खाली घालून म्हणाली, "बेसुद बाईला कुनी हात लावत न्हाई, ताई."

ती ढोंग करत होती का? नाही. हे नीट समजून घ्या, कारण आपणही पटकन तसं म्हणतो. तिला झटका खरंच येत होता, दातखीळ खरंच बसत होती. तोंडानं "नको" म्हणायची सोय नसली की कधी कधी अंग ते म्हणतं. डॉक्टर लोक या त्रासाला ओळखतात, त्यावर उपचारही करतात. पण घरच्यांना पुनव सापडली होती. आणि पुनव सापडली की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. नवऱ्याला विचारावं लागत नाही, सासूला विचारावं लागत नाही. तिला तर नाहीच.

मग घरची माणसं खोटं बोलत होती का? तेही नाही. मधल्या दिवशी झटका आला की ती म्हणायची, दमली असंल. तो झटका विसरून जायचा. पुनवेला आला की सगळं घर उठून बसायचं, देवरुष्याला निरोप जायचा, शेजारी जमायचे. तो झटका पुढं वर्षभर सांगितला जायचा. आणि ज्या पुनवेला काहीच झालं नाही, ती तर कुणाच्या ध्यानातच राहत नाही. काही न घडलेली रात्र कोण लक्षात ठेवतो? आपल्या सगळ्यांची आठवण अशीच चालते. शिकलेल्यांचीही. मोठमोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत, पोलीस चौक्यांत लोक म्हणतात की पुनवेला केसेस वाढतात. १९८५ साली अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे तोवरचे ३७ अभ्यास एकत्र करून तपासले. वेडसर म्हणावं अशा वागण्यात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातला चंद्राचा वाटा एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्याहून जास्त निघाला नाही. म्हणजे नसल्यातच जमा.

तुमच्यातली एक शिकलेली मुलगी मघाशी म्हणाली, "पण ताई, समुद्राला भरती येते. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. मग त्याला ओढ बसणार नाही का?" प्रश्न चांगला आहे. आता बघा, भरती रोज येते, बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा. आणि मोठी भरती पुनवेला येते तशी आवसेलाही येते. भरती येते ती फरकामुळं. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडं असते तिला तो जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूला कमी. पृथ्वीची रुंदी पावणेतेरा हजार किलोमीटर, म्हणून हा फरक समुद्रात दिसतो. पाच फूट बाईच्या डोक्यात आणि पायात असा कितीसा फरक पडणार? तुमच्या तालुक्यात निम्न दुधना धरण आहे. एवढं पाणी साठतं, त्याला कधी पुनवेची भरती आलेली पाहिलीत? जी धरणाला दिसत नाही ती आपल्या डोक्यात कशी येईल?

दुसरं म्हणतात, बाईची पाळी चंद्रावर चालते, म्हणून तिचं मन चंचल. एका पुनवेपासून दुसरी पुनव साडेएकोणतीस दिवसांनी येते. पाळी कुणाची चोवीस दिवसांनी येते, कुणाची बत्तीस दिवसांनी. एकवीस ते पस्तीस दिवसांपर्यंत सगळं ठीकच धरतात. चंद्राच्या हुकमानं पाळी आली असती तर या मांडवातल्या सगळ्या बाया एकाच दिवशी बाहेर बसल्या असत्या! महिना चंद्रावरून मोजायची आपली रीत, आणि पाळी साधारण महिन्यानं येते, म्हणून ही जोडी जमली. जोडी जमवणाऱ्यांनी त्याच्यावर आणखी एक मजला चढवला, की बाई मुळातच अस्थिर. तिच्या हाती शेताचा कारभार नको, पैसा नको, निर्णय नको.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर आपणही देवरुष्यासारखेच अर्धं सांगणारे ठरू. झोपेवर चंद्राचा थोडा परिणाम असावा, असं अलीकडच्या काही अभ्यासांत दिसलं आहे. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरातल्या एका छोट्या अभ्यासात पुनवेच्या सुमाराला माणसं वीसेक मिनिटं कमी झोपली. २०२१ साली अर्जेंटिनातल्या आदिवासी वस्त्यांचा अभ्यास आला. तिथं पुनवेच्या आधीच्या रात्रींना लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात असं आढळलं. यात जादू काही नाही. पुनवेच्या आधी संध्याकाळपासूनच चांदणं असतं, माणसं जागतात, कामं करतात. आता ज्या माणसाला मनाचा आजार आहे, त्याची झोप मोडली तर आजार उसळू शकतो. वीज नव्हती त्या काळात आपल्या आजीनं असं काही पाहिलं असेल, तर तिला आपण मूर्ख म्हणू नये. पण मग उपाय काय निघाला? आजारी माणसाची झोप सांभाळा. चाबूक कुठून आला?

आता ही समजूत इतकी पक्की कशी झाली ते पाहू. फार जुनी आहे ती. सुश्रुतसंहितेत माणसाला पछाडणाऱ्या ग्रहांचे दिवस दिले आहेत. देवग्रह पौर्णिमेला, गंधर्व अष्टमीला, यक्ष प्रतिपदेला, नाग पंचमीला, पिशाच चतुर्दशीला, पितर अमावास्येला, आणि राक्षस कुठल्याही रात्री. तुमच्या लक्षात आलं का? कुठल्याही दिवशी कुणीही बिघडलं तरी नाव द्यायला कुणीतरी तयारच आहे. अशी पद्धत कधीच चुकत नाही. आणि जी कधीच चुकू शकत नाही, तिच्याकडून कळतही काही नाही.

आणि हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. युरोपातल्या जुन्या लॅटिन भाषेत चंद्राला लूना म्हणतात. त्याच्यावरून वेड्याला इंग्रजीत लुनॅटिक शब्द पडला. इंग्रजांनी १९१२ साली या देशात वेड्यांचा कायदा केला, त्याचं नाव इंडियन लूनसी अ‍ॅक्ट. स्वातंत्र्य मिळालं तरी तो कायदा चालूच राहिला. १९८७ साली नवा मानसिक आरोग्य कायदा झाला, तो १९९३ साली लागू झाला, तेव्हा कुठं कायद्याच्या नावातला चंद्र मावळला. आपल्या भिंतीवरचा मावळायला अजून वेळ आहे.

आता अंगात येण्याबद्दल. तुळजापूरची मोठी यात्रा आश्विनी पौर्णिमेला. येरमाळ्याच्या येडाईची चैत्री पौर्णिमेला. माहूरला दत्तजयंतीची गर्दी मार्गशीर्षी पौर्णिमेला. सौंदत्तीच्या यल्लमाच्या जोगतिणी मार्गशीर्षातल्या पुनवेला रांडाव पुनव म्हणतात, त्या दिवशी त्यांच्या बांगड्या फुटतात. माघातल्या पुनवेला अहेव पुनव म्हणतात, तेव्हा पुन्हा चुडा भरतात. आपली वटपौर्णिमा ज्येष्ठातली. म्हणजे बाईचा नवरा, तिचा चुडा, तिचं रांडपण, सगळं पुनवेला बांधलेलं. जत्रा पुनवेला का? साधं कारण मला दिसतं. पायी नाहीतर बैलगाडीनं रात्रीची वाट चालायची, तर उजेड पाहिजे. उजेड म्हणून जत्रा, जत्रा म्हणून हलगी-संबळ, उपास, जागरण, हजारो माणसं. त्यात बाईच्या अंगात येतं. आपण म्हणतो, पुनवेमुळं आलं. जत्रा अष्टमीला ठेवा, अष्टमीला येईल.

इथवर मी जे बोलले ते मी गेली कित्येक वर्षं बोलते. टाळ्याही मिळतात. पण आज मला माझी एक चूक सांगायची आहे, कारण इथं कार्यकर्त्या पोरी बसल्या आहेत आणि त्यांनी ती करू नये.

मी तेव्हा नवी होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका गावात एका बाईच्या अंगात दर पुनवेला देवी यायची. घरची गरिबी, नवरा मारकुटा, सासू खाष्ट. पण पुनवेच्या रात्री ती देवीचं झाड असायची. केस मोकळे सोडून घुमायची आणि सासूला दरडावून म्हणायची, "माझ्या झाडाला उपाशी ठिवू नको." नवऱ्याला म्हणायची, "माझ्या झाडाला हात लावशील तर खबरदार." नवरा हात जोडून उभा. गावातल्या बाया ओटी घेऊन यायच्या, तिच्या पाया पडायच्या. आमचा अंधश्रद्धेवरचा कार्यक्रम होता. मी भर सभेत तिला उभं केलं. देवीबिवी काही नसतं, हा मनाचा खेळ आहे, असं मी समजावून सांगितलं. अगदी शास्त्रशुद्ध. लोक हसले. ती मान खाली घालून खाली बसली. मला वाटलं, कार्यक्रम यशस्वी झाला.

पुढच्या पुनवेला तिच्याकडं कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या पुनवेलाही नाही. नवऱ्याचा धाक गेला. तीन महिन्यांनी ती मला एस.टी. स्टँडवर भेटली, कपाळाला खोक पडलेली. ती मला शिव्या द्यायला आली नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, महिन्यातून एक रात माजी व्हती. ती तुमी नेली. आता तिच्या जागी काय देता?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्याकडं पत्रक होतं, घोषणा होत्या, पोस्टर होतं. तिला देण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या साली ती गाव सोडून गेली. मला पुन्हा भेटली नाही.

मैत्रिणींनो, मी जे सभेत सांगितलं ते खरं होतं. आजही मी तेच सांगेन. पण ते कुणासमोर, कधी आणि कुणाच्या जिवावर सांगितलं, ते चुकलं. मी चंद्र तेवढा पाहिला. त्याच्या आडून ती काय बोलत होती ते ऐकलंच नाही. सासऱ्याच्या घरच्यांनी पुनव दाखवून प्रश्न टाळला आणि मी पुनव खोडून काढून तोच प्रश्न टाळला. दोघांनीही बाईला विचारलं नाही.

याचा अर्थ अंगात येणं चांगलं, ते जपावं, असा नाही. नीट ऐका. देवी बोलते तोवर बाईला मान आहे. सकाळी देवी जाते, मग तीच चूल आणि तोच मार. देवीच्या तोंडून सातबारावर नाव लागत नाही. आणि हीच आवस-पुनव दुसऱ्या बाईच्या जिवावर उठते. आपल्या मराठवाड्यात भानामती हा शब्द नवा नाही. बाया कुत्र्यासारख्या भुंकतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कपडे पेटतात. मग "केलं कुणी?" याचा शोध सुरू होतो. बोट कुणाकडं जातं? एकट्या राहणाऱ्या विधवेकडं, मूल नसलेल्या बाईकडं, वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बाईकडं. इथून जवळच मानवत आहे. १९७२ ते १९७४ या काळात तिथं काय घडलं हे म्हाताऱ्या मायांना आठवत असेल. गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या नादातून खून पडत गेले, असं तपासात पुढं आलं. मारल्या गेल्या त्यात बहुतेक लहान पोरी आणि बाया होत्या. तेव्हा ही निरुपद्रवी समजूत आहे, असू द्या, असं मी कधी म्हणणार नाही.

या अघोरीपणाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. या कायद्यानं काय होतं? भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरच्यांची धुरी देणं, हा गुन्हा आहे. अमुक बाई करणी करते, भानामती करते, असं म्हणून तिला छळणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. मात्र एखाद्या बाईच्या नुसतं अंगात आलं म्हणून तिला कुणी पोलिसात ओढू शकत नाही. अंगात आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, धमकावणं, हा गुन्हा आहे. हा फरक ध्यानात ठेवा. कायदा देवरुष्याच्या चाबकासाठी आहे, घुमणाऱ्या बाईसाठी नाही.

दुसरा कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्य सेवा कायदा. मनाच्या आजाराच्या माणसाला साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. उपचार हा त्याचा हक्क आहे. आणि घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला दवाखान्यात डांबून ठेवता येत नाही, समाजात राहायचा हक्क त्यालाही आहे. हे बायांच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. "वेडी" हा शब्द बाईला घराबाहेर काढायला सगळ्यात सोपा पडतो. हिंदू विवाह कायद्यात गंभीर मानसिक आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. काही नवरे आवस-पुनवेचे साक्षीदार आत्तापासून जमवत असतात, आणि आपण शेजारणी नकळत साक्ष देत असतो. "हो, पुनवेला करते खरी काहीतरी." म्हणून सांगते, जीभ आवरा. पाहिलं असेल तेवढंच सांगा, तारखेसकट सांगा.

मग करायचं काय? मी मोठा कार्यक्रम देणार नाही. चारच गोष्टी सांगते.

पहिली, कॅलेंडर. कुणाच्या घरी "पुनवेचं" म्हणून काही चाललं असेल, तर वाद घालू नका. फुल्या मारायला सांगा. सहा महिने. आणि फुलीच्या शेजारी त्या दिवशी घरात काय झालं ते एका शब्दात लिहायला सांगा. दारू, बाजार, भांडण, उपास, जागरण, पाळी, माहेरचा निरोप. जे असेल ते.

दुसरी, डॉक्टर. फेफरं असो, बाळंतपणानंतरचं मनाचं दुखणं असो की कानात आवाज येणं असो, उपचार आहेत. आशाताईंना विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा सरकारचाच आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट फोन आहे, २०२२ साली सुरू झाला, मराठीतही बोलता येतं. नंबर पदराला गाठ मारल्यासारखा ध्यानात ठेवा.

तिसरी, हिंसा असेल तर तिला हिंसाच म्हणा. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात नवऱ्याची मारहाण येते, तसा लैंगिक छळही येतो. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. पहिल्या गोष्टीतल्या त्या बाईच्या घरी आम्ही शेवटी देवरुष्याशी भांडलोच नाही. आम्ही नवऱ्याशी बोललो, बाजाराची मजुरी तिच्या हातात यायला लावली, आणि ती काही दिवस बहिणीकडं राहून आली. झटके एकदम बंद झाले नाहीत. कमी झाले. नवरा सुधारला असंही मी सांगणार नाही. पण पुढं झटका आला की घरातलं कुणी आकाशाकडं बघत नव्हतं, नवऱ्याकडं बघत होतं. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

चौथी गोष्ट म्हणजे त्या दुसऱ्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर. "तिच्या जागी काय देता?" महिन्यातून एक रात्र द्यायची. बायांची बैठक. पुरुष नाहीत, देवरुषी नाही, व्यासपीठ नाही. ज्या बाईला जे बोलायचं ते तिनं स्वतःच्या आवाजात बोलायचं, देवीच्या नाही. आणि बाकीच्यांनी ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभं राहायचं. देवीच्या धाकानं नवरा हात जोडत होता ना? दहा बाया दारात उभ्या राहिल्या तरी तो विचार करतो. हा माझा अनुभव आहे.

आज सकाळी मला तुमची बारव दाखवली. गोल गोल खाली उतरणाऱ्या त्या पायऱ्या. वर्षानुवर्षांचा गाळ-कचरा गावानं श्रमदानानं काढला म्हणून ती मोकळी झाली. गाळ काढायचा म्हणून कुणी बारव बुजवली नाही. आपलं कामही तसंच करू. समजूत काढायची, त्या समजुतीच्या आधारानं उभी असलेली बाई नाही गाडायची. माझ्या हातून ते एकदा झालं आहे.

शेवटी एकच मागणं. पुढची बैठक पुनवेला ठेवा. ज्या दोघी-तिघी पुनवेला उंबरा ओलांडत नाहीत, त्यांना बोलावणं धाडू नका, त्यांच्या घरी जाऊन हाताला धरून आणा. चांदणं असेल, विजेचं बिलही येणार नाही. मीही येईन. तिथं मी भाषण करणार नाही. तुम्ही बोला, मी ऐकते.